नखाएवढा मुद्देमाल

सोलापुरातल्या कुठल्याही सभ्य बाईने पाहिल्या नसतील इतक्या अश्लील चित्रफिती मी पाहिल्या आहेत. त्या पाहण्याबद्दल सरकारने मला दरमहा पगार दिला आणि आता पेन्शनही देतं आहे. मी सरकारी वकील होते. पेपरात फोटो येतो तसल्या खटल्यांतली नव्हे, खालच्या कोर्टात रोज उभी राहणारी. मारामाऱ्या, जुगार, हातभट्टी, आणि मधूनमधून कलम दोनशे ब्याण्णव, म्हणजे अश्लील वस्तूंची विक्री. नव्या कायद्यात त्या कलमाचा आकडा बदललाय, बाकी सगळं होतं तिथंच आहे.

आमच्या घरी याची इतकी सवय झाली होती की रात्री जेवताना हे विचारायचे, "आज काय होतं?" मी म्हणायचे, "अश्लील." मग हे म्हणायचे, "बरं, आमटी वाढ." शेजारपाजारचं तसं नव्हतं. जुळे सोलापुरात आमच्या सोसायटीत हळदीकुंकवाला गेलं की कोणीतरी बाई मला कोपऱ्यात गाठायची आणि आवाज खाली आणून विचारायची, "खरंच लावतात का हो कोर्टात? सगळ्यांसमोर?" मी हो म्हटलं की ती "शी बाई" म्हणायची आणि पुढचं ऐकायला आणखी जवळ सरकायची.

बाहेरच्यांना हा धंदा समजावून सांगायला हवा. अंगावर कपडे कमी आहेत एवढ्यानं कायद्याच्या लेखी काही अश्लील होत नाही. पाहणाऱ्याचं मन बिघडवण्याकडे त्या वस्तूचा कल आहे का, हे कोर्टानं ठरवायचं असतं. कोणाचं मन, हे मात्र कायदा सांगत नाही. मोठ्या माणसानं स्वतःच्या घरात दार लावून काय पाहावं याच्याशी या कलमाला देणंघेणं नाही. विकलं, वाटलं, पसरवलं की गुन्हा. म्हणजे खटला चालवायचा तर एक विकणारा लागतो, एक वस्तू लागते आणि ज्याचं मन बिघडू शकेल असा एक माणूस लागतो. पहिल्या दोन गोष्टी पोलीस आणून देत. तिसऱ्या माणसाचा शोध मी सगळी नोकरीभर घेतला, तो काही मला भेटला नाही.

एक निवृत्त मुख्याध्यापक माझ्याकडे आले होते. नव्या पेठेतल्या एका दुकानदाराने बायकांच्या आतल्या कपड्यांचे पुतळे काचेत उभे केले होते, त्याच्यावर खटला भरा म्हणून. पुरावा म्हणून त्यांनी जाडजूड अल्बम आणला होता. पुतळे समोरून, बाजूने, दिवे लागल्यावर, दिवे लागायच्या आधी, आणि एक तर रस्ता ओलांडून लांबूनही.

मी म्हटलं, "गुरुजी, एवढे फोटो?"

"रोज संध्याकाळी जाऊन खात्री करत होतो. अजून तसेच उभे आहेत का म्हणून."

"मग तुमच्या मनावर काही परिणाम झाला?"

गुरुजी दुखावले. "माझ्या? अहो, मी संस्कारांत वाढलोय. मला काळजी आहे ती तरुणांची."

मी त्यांना समजावून परत पाठवलं. अल्बम तेवढा ते आठवणीनं घेऊन गेले.

दुसरी केस पिवळ्या पुस्तकांची. स्टँडाजवळच्या एका विक्रेत्याकडून पोलिसांनी पोतं भरून पुस्तकं धरली. गुन्ह्यात धरलेल्या अशा वस्तूंना आम्ही मुद्देमाल म्हणतो. तो सील करून कोर्टाच्या कपाटात ठेवतात आणि खटल्याच्या वेळी उघडतात. खटला उभा राहायला वर्षं गेली आणि पोतं उघडलं तर ते निम्मं. मुद्देमाल कारकून म्हणाला, उंदीर झालेत हो फार. ते उंदीर मोठे चोखंदळ असले पाहिजेत, कारण त्याच कपाटात जुगाराच्या केसमधले पत्ते होते आणि त्यांना त्यांनी तोंडही लावलं नव्हतं. आरोपी सुटला. तो जाताना मला म्हणाला, मॅडम, माझ्या दुकानापेक्षा तुमच्या हितं खप जास्त हाय की.

आता पंच बसप्पाबद्दल सांगते, कारण पुढे त्याचंच काम आहे.

पोलिसांनी धाड घातली की माल खरंच तिथे सापडला हे सांगायला दोन तिऱ्हाईत माणसं लागतात. ते पंच. त्यांच्यासमोर जे लिहायचं तो पंचनामा. पंच म्हणून कोर्टाच्या पायऱ्या चढायला कोणी राजी नसतं, त्यामुळे पोलीस घरचाच एखादा माणूस धरून ठेवतात. कोर्टाला लागून असलेल्या चौकीसमोर बसप्पाची चहाची टपरी होती. मूळचा अक्कलकोटकडचा, घरात कानडी बोलणारा, शांत माणूस. हवालदारानं हाक मारली की तो स्टोव्ह बारीक करायचा, रस्ता ओलांडायचा, सही करायचा आणि चहा उतू जायच्या आत परत यायचा. काय लिहिलंय हे त्यानं कधी विचारलं नाही. दारू, जुगार, चोरी, अश्लील, सगळ्यांत पंच बसप्पा. चौकीसमोरच टपरी असल्यावर दुसरं काय करणार होता तो?

एका व्हिडिओ पार्लरच्या केसमध्ये आरोपीचे वकील होते बिराजदार. तल्लख माणूस, आणि उलटतपासणीत पान खाल्ल्यासारखा सावकाश बोलायचा. त्यांनी बसप्पाला विचारलं, "चौकीत तुम्हाला सीडी दाखवली?"

"व्हय साहेब."

"किती पाहिली?"

"सगळी. हवालदार म्हणाले पंचानं खात्री केली पायजे. मग परत येकदा लावली."

कोर्टात खसखस पिकली. बिराजदार म्हणाले, "दोनदा पाहिलीत. मग तुमचं मन बिघडलं का?"

बसप्पानं प्रामाणिकपणे विचार केला. "माजं कसं बिघडंल साहेब? मी पंच हाय की."

मीही हसले तेव्हा. पण पुढे लक्षात आलं, की जो तो हेच सांगतोय. हवालदार म्हणे मी ड्यूटीवर, कारकून म्हणे मी नोकरीवर, गुरुजी संस्कारांत वाढलेले. मीही फीत पाहून घरी जाऊन आमटी वाढतच होते. बिघडणारं मन कायम दुसऱ्याचं होतं.

निवृत्त झाल्यावर एका कॉलेजात मला परिसंवादाला बोलावलं होतं. विषय अश्लीलता, कायदा आणि संस्कृती. एका बाजूला सगळ्या साइट बंद करा म्हणणारे, दुसऱ्या बाजूला माणसानं काय पाहावं हे सरकारनं सांगू नये म्हणणारे. दोघांनीही लेणी, लावणी आणि परदेश यांचे दाखले दिले. दोघांचंही थोडंथोडं पटत होतं. बंदीवाल्यांना विचारायला माझ्याकडे प्रश्न नव्हता आणि स्वातंत्र्यवाल्यांनाही नव्हता, कारण मला मधेच मंगलची आठवण झाली आणि दोघांच्या बोलण्यात तिला उभं राहायला जागाच दिसेना.

मंगल हे तिचं खरं नाव नाही. बाकीचं खरं आहे.

नेट स्वस्त व्हायच्या आधीची गोष्ट. तेव्हा मोबाईलचं मेमरी कार्ड दुकानात नेऊन भरून आणायची पद्धत होती. दुकानदार आपल्या कॉम्प्युटरवरून गाणी, सिनेमे, भारुडं, कीर्तनं, जे मागाल ते कार्डात टाकून द्यायचा. ओळखीच्या गिऱ्हाइकानं नुसती मान हलवली की 'स्पेशल'ही टाकायचा. शुक्रवार पेठेत असं एक दुकान होतं. मालकाला सगळे पप्पू म्हणत. तो मोबाईल दुरुस्तही करायचा.

एके दिवशी तिथल्या एका तरुण मंडळानं पप्पूच्या दुकानावर मोर्चा काढला. संस्कृती धोक्यात आहे म्हणून घोषणा झाल्या, फलकाला काळं फासलं. पोलिसांनी पप्पूला उचललं आणि विक्रीसाठी भरून ठेवलेलं एक कार्ड जप्त केलं. मंडळाच्या अध्यक्षानं जबाब दिला की या दुकानात काय मिळतं ते त्याला चांगलं ठाऊक आहे. कसं ठाऊक, हे हवालदारानं भिडेखातर विचारलं नाही. पंच बसप्पा. पंचनाम्यात नेहमीचं वाक्य: अनोळखी स्त्रीपुरुष अश्लील चाळे करताना दिसून आले. कलमं लागली, आरोपपत्र आलं, मी फाईल उघडली आणि बाजूला ठेवली. सरळ केस होती.

मग एका दुपारी माझ्या खोलीच्या दारात एक बाई उभी राहिली. सुती साडी, खांद्याला पिशवी, वय पंचविशीच्या पुढचं. टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला होती. आत या म्हटलं तरी येईना. खोलीतला शिपाई बाहेर गेल्यावर आत आली, दार लोटलं आणि उभ्यानंच म्हणाली, "मॅडम, त्या पप्पूच्या कार्डातली येक मी हाय."

मला क्षणभर कळलंच नाही. इतकी वर्षं पंचनाम्यात मी 'अनोळखी स्त्री' वाचत आले होते. तिला तोंड असेल, पिशवी असेल, ती येऊन माझ्यासमोर उभी राहील, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

तिनं सांगितलं ते असं. लग्नानंतर नवऱ्यानं हौसेनं तिच्याच मोबाईलवर ती फीत काढली होती. पुसायची राहून गेली. मोबाईल बिघडला, नवऱ्यानं पप्पूकडे टाकला. मोबाईल दुरुस्त होऊन आला आणि काही दिवसांनी कारखान्यातल्या बायका ती आली की गप्प व्हायला लागल्या.

"नवरा काय म्हणाला?" मी विचारलं.

"त्येंचं तोंड दिसत न्हाय त्यात. मोबाईल त्येंच्या हातात हुता न्हवं." ती शांतपणे म्हणाली. "सासूबाई म्हणल्या, दुसरा कोन हुता सांग. हे गप बसले. म्हंजे फितीतला बाप्या त्यो दुसरा झाला आन् हे येगळे झाले."

ती माहेरी निघाली. माहेर उजनीच्या पाण्याकाठी, केळीच्या बागांचं गाव. "यस्टीत बसले, मॅडम. पर ती माज्या आदी पोचली हुती. आमच्या गावची पोरं सोलापुरातच कार्ड भरत्यात."

भावानं दारातूनच परत फिरवलं नाही एवढंच. ती आपण होऊन परत आली आणि कारखान्याजवळ खोली घेऊन पोरीसह राहायला लागली.

"तुम्हाला काय हवंय?" मी विचारलं.

"पुसून टाका. दुसरं काय बी नगं. माजी ल्येक पयलीत हाय. तिच्या हातात मोबाईल यायच्या आत हे गेलं पायजे."

आणि मला तिला सांगावं लागलं की ते पुसता येणार नाही. तो मुद्देमाल होता. खटला चालून निकाल लागेपर्यंत, आणि अपिलाची मुदत जाईपर्यंत, त्याला कोणी हात लावू शकत नव्हतं. पप्पूनं भीतीपोटी आपला कॉम्प्युटर कधीच साफ केला होता. गावातली पोरं रोज नवं भरून जुनं पुसत होती. सगळ्या जिल्ह्यात ती फीत जपून ठेवण्याची कायद्यानं जबाबदारी असलेली एकच जागा होती, ती म्हणजे आमचं कपाट. भयंकर राग आला होता, आणि तो कोणावर काढायचा हे कळत नव्हतं.

"म्हंजे सरकारनंच ठिवलंय," ती म्हणाली.

"सील करून ठेवलंय. कोणी बघू शकत नाही."

"आन् कोर्टात?"

याचं उत्तर तिला माहीत होतं, म्हणून तर ती आली होती.

मी तपास अधिकाऱ्याला बोलावलं. तिचा जबाब घ्या, खासगीपणा भंग केल्याचं कलम वाढवा. तो कळवळून म्हणाला, "मॅडम, केस सरळ चाललीय, समाजाच्या विरुद्ध गुन्हा आहे. कशाला त्यात बाईमाणूस आणता?" मी म्हटलं, बाईमाणूस पहिल्यापासून त्यातच आहे, तुम्ही नाव विचारलं नव्हतं एवढंच. जबाब झाला, कलम वाढलं.

तारखांना मंगल येऊन बसायची. पहिली हजेरी झाली की तासन्तास काही घडत नाही, हे कोर्टाचं वैशिष्ट्य. तेवढ्यात ती समोर जाऊन बसप्पाच्या टपरीवर चहा घ्यायची. हाच आपल्या केसमधला पंच, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. एकदा मी तिथून जाताना ती मला म्हणाली, "मॅडम, ह्या काकांनी माजी चित्रफीत बघितलीय."

मी चमकले. "कोणी सांगितलं?"

"कुनी कशाला? सगळ्या गिऱ्हाइकांशी बोलत्यात, माज्याकडं मान वर करून बघत न्हाईत. जे टकामका बघत्यात त्येंनी नुसतं ऐकलेलं असतंय. ज्येंनी बघितलंय ते खाली बघत्यात. माज्या आता ध्येनात यायला लागलंय."

पुढे बसप्पाची साक्ष झाली. बिराजदारांनी विचारलं, त्या फितींतली कोणी बाई ओळखता का? बसप्पा साक्षीच्या पिंजऱ्याच्या लाकडाकडे बघत म्हणाला, "न्हाई साहेब. कुनालाच वळखत न्हाई." शपथेवरचं ते खोटं मी ऐकून घेतलं.

मग मंगलचा दिवस आला. खटला बंद दाराआड चालवावा असा मी अर्ज दिला होता आणि न्यायाधीश साहेबांनी तो मंजूर केला होता. म्हणजे आवश्यक माणसांखेरीज सगळ्यांनी बाहेर जायचं. त्या दिवशी मला कळलं की आमच्या कोर्टात सगळेच किती आवश्यक आहेत. लघुलेखक, बेंच क्लार्क हे तर हवेतच. पण शेजारच्या कोर्टाचा कारकून फाईल शोधायला आला आणि शोधतच राहिला. बिराजदारांचे एरवी न दिसणारे ज्युनिअर आले. दिव्याची कळ नीट चालते का हे पाहायला एक माणूस आला. बंदोबस्ताला पोलीस वाढले. टेबलावर लॅपटॉप ठेवला होता आणि कार्डाचं पाकीट सीलसकट शेजारी.

मंगलनं आपलं सगळं सांगितलं. आवाज बारीक होता, पण अडखळली नाही. मग बिराजदार उठले.

"हे चित्रीकरण तुमच्या घरात, तुमच्या मर्जीनं झालं?"

"व्हय. नवऱ्याबरुबर."

"ते करताना तुम्हाला ते अश्लील वाटलं?"

हा सापळा होता आणि तो मला लांबून दिसला. नाही म्हणाली तर वस्तू अश्लील नाही, पप्पू सुटला. हो म्हणाली तर अश्लील वस्तू तयार करणारी तीच. मी हरकत घ्यायला उठले, तोवर ती बोलून गेली होती.

"घरात हुतं तवर न्हवतं. तुमच्या माणसानं दुकानात मांडलं तवा झालं."

साहेबांनी लघुलेखकाला सांगितलं, जसंच्या तसं घ्या. मग बिराजदार म्हणाले की फितीतली बाई साक्षीदारच आहे हे सिद्ध व्हायला पाहिजे, तरी फीत लावून ओळख पटवावी. कायद्यानं त्यांना ते मागता येत होतं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मंगलकडे. तिच्या हातात पदराचं टोक होतं, ते तिनं सोडलं.

"लावा," ती म्हणाली. "पर मी हितनं हलनार न्हाय. ज्येला बघायचंय त्येनं पयल्यांदा माज्याकडं बघावं, आन् मग तिकडं."

लॅपटॉपवरचा कारकुनाचा हात तसाच राहिला. शेजारच्या कोर्टाच्या कारकुनाला त्याची फाईल सापडली असावी, तो गेला. दिव्याची कळ पाहणारा गेला. ज्युनिअर एकेक करून गेले. जाताना सगळे खालीच बघत होते. मंगल मात्र प्रत्येकाकडे पाहत होती.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वकीलसाहेब, ओळखीबद्दल तुमचा खरंच वाद आहे?"

बिराजदार म्हणाले, "नाही, साहेब. सोडला तो मुद्दा." त्यांच्यातला बरा माणूस मला त्या दिवशी दिसला, तो पुन्हाही अधूनमधून दिसला. फीत लागली नाही. साहेबांनी कार्डातली बाकीची सामग्री पाहून निकाल देण्याइतकं मत बनवलं.

पप्पूला काही महिन्यांची कैद आणि दंड झाला. निकालपत्रात कोवळ्या पिढीच्या अधःपतनावर सुरेख उतारे होते आणि एका वाक्यात साक्षीदार महिलेच्या खासगीपणाचा भंग झाल्याची नोंद होती. तिचं नाव कायद्यानुसार कुठेही नव्हतं. मंडळाच्या अध्यक्षाचं नाव मात्र चौकातल्या फलकावर लागलं, संस्कृतीरक्षणाच्या लढ्याला यश म्हणून. पप्पूनं अपील केलं नाही. सुटून आल्यावर तो मोबाईलची कव्हरं विकायला लागला. तोवर नेट स्वस्त झालं होतं आणि त्याची कार्डं विकत घ्यायला कोणी येतही नव्हतं. जे मिळवायला पूर्वी पप्पूसमोर मान हलवावी लागायची, ते आता अध्यक्षांच्या खिशात चोवीस तास होतं.

मुदत संपली आणि मुद्देमाल नष्ट करायचा दिवस ठरला. हे काम कोर्टाच्या मागच्या आवारात होतं. दारू ओततात, पत्ते जाळतात, चाकूची पाती मोडतात. मंगलनं हजर राहायची परवानगी मागितली होती, मी ती मिळवून दिली. पंच नेहमीचाच. बसप्पा स्टोव्ह बारीक करून आला होता आणि मंगलला पाहून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

कारकुनानं लाखेचं सील तोडलं. मोठ्या पाकिटातून छोटं पाकीट, त्यातून कागदाची पुडी आणि पुडीतून ते कार्ड तळहातावर घेतलं. नखाएवढं.

मंगल जवळ आली आणि वाकून बघत राहिली. "येवढंसं?" ती म्हणाली. तिनं ते आधी कधी पाहिलंच नव्हतं. "ह्येच्यापायी?"

कारकुनानं कार्ड फरशीवर ठेवलं आणि हातोडी घातली. घाव कडेवर बसला आणि कार्ड उडून मातीत गडप झालं. मग कारकून, शिपाई, पंच आणि मी असे सगळे गुडघ्यांवर बसून पाचोळा उकरायला लागलो. राज्य शासन विरुद्ध आरोपी या खटल्यातलं शासन त्या दिवशी कडुनिंबाच्या काड्या बाजूला करत होतं. मला हसूही येत होतं आणि जीव घाबरा झाला होता, कारण हे हरवलं तर तिला काय सांगायचं?

सापडलं ते मंगललाच. तिनं ते पदरानं पुसलं, फरशीवर ठेवलं आणि हातोडीसाठी हात पुढे केला. नियमात बसत नव्हतं. कारकुनानं माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं. तिनं एकाच घावात त्याचे तुकडे केले, मग तुकड्यांवर घाव घालत राहिली. शेवटी फरशीवर काळी भुकटी राहिली.

कारकुनानं पंचनामा पुढे केला. बसप्पानं सवयीनं पेन घेतलं आणि सहीच्या जागी टेकवलं.

"काय लिवलंय त्यात?" मंगलनं विचारलं.

कारकून वाचायला लागला. सदर मुद्देमाल पंचांसमक्ष फोडण्यात आला असून त्यातील सर्व अश्लील चित्रफिती कायमच्या नष्ट झाल्याची पंचांनी खात्री केली आहे.

"काका," मंगल म्हणाली, "तुमी बघितली हुती न्हवं?"

बसप्पा भिंतीकडे बघत होता. तसाच म्हणाला, "पंच हुतो की, ताई. बघाय लागलं."

"मग ती तुमच्या डोळ्यांतनं गेली का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच माहिती हवी असल्यासारखं तिनं विचारलं. बसप्पाचं पेन कागदावर टेकलेलं होतं, तिथे शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. मग त्यानं पेन उचललं.

"ह्ये 'सर्व' आन् 'कायमच्या' काडा," तो कारकुनाला म्हणाला. "कार्ड फोडलं म्हणून लिवा. माज्यासमोर तेवढंच झालं."

"अरे, छापील मजकूर आहे. प्रत्येक केसमध्ये हेच असतं. आजवर केल्यास की सह्या."

"आजवर वाचलं न्हवतं."

कारकून माझ्याकडे वळला. मी म्हटलं, काढा. त्यानं कुरकुरत ते शब्द खोडले, खात्रीच्या वाक्यावरही रेघ मारली, बाजूला आपली आद्याक्षरं घातली आणि वर लिहिलं, मेमरी कार्ड एक, पंचांसमक्ष फोडले. बसप्पानं ते पुटपुटत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि सही केली. मग मान वर केली, मंगलच्या तोंडाकडे सरळ पाहिलं आणि कागद तिच्या हातात दिला.

तिनंही सावकाश वाचला.

"आता खरं हाय," ती म्हणाली, आणि कागद परत देऊन रिक्षा बघायला गेली, कारण पोरीची शाळा सुटायची वेळ झाली होती.